एका बिलाला पुरणारी, महिन्याला न पुरणारी सेवा

इंटरनेटवरून लोकांकडून मदतनिधी गोळा करून देणारी एक सेवा आमच्या घराने गेल्या वर्षी सुमारे साडेसात महिने वापरली, आणि मधे पुरेसा काळ गेल्यामुळे आता तिच्याविषयी शांतपणे लिहिता येईल असे वाटते. सेवेचे नाव मी देणार नाही. अशा बहुतेक सेवांची मांडणी सारखीच असते. शिवाय ज्यांच्या घरी आई किंवा वडील आजारी आहेत, पगार थांबला आहे आणि कोणीतरी "एक लिंक तयार करून टाका" असे सुचवले आहे, त्यांना नावापेक्षा आत शिरल्यावर नेमके काय होते हे कळण्याची गरज जास्त आहे.

आमची परिस्थिती आधी सांगायला हवी, कारण तिच्यावाचून सेवेविषयीचे माझे मत समजणार नाही. बाबा एका कारखान्यात २६ वर्षे स्टोअरकीपर होते. आई घरी शिलाई मशीनवर कपडे शिवून देत असे, आणि या दोन कमायांवर आम्हा भावंडांची शिक्षणे झाली. आईला बरीच वर्षे रक्तदाबाचा त्रास होता, गोळ्या चालू होत्या, आणि तरीही तिची मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत हे आम्हाला पायांवरची सूज आणि रोजची मळमळ वाढल्यावरच कळले. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंडे निकामी होण्याची दोन सर्वांत मोठी कारणे आहेत, आणि दोन्ही आजार वर्षानुवर्षे फारशी चाहूल न देता आतून पोखरत राहतात. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस करावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यानंतर अडीच महिन्यांनी बाबांचा विभाग बंद झाला आणि त्यांना कामावरून कमी केले. पगार तर गेलाच, पण त्या नोकरीमुळे आईला मिळणारा गटविमाही त्याच महिनाअखेर संपला. बाबांनी नवी नोकरी शोधायला बाहेर पडावे तर आईला मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी रुग्णालयात नेणारे कोणी नाही. त्यांनी घरी थांबावे तर उत्पन्न नाही. आणि मी रजा घ्यावी तर घरात येणारा एकमेव पगार कापला जातो, असा तो तिढा होता.

लिंकची कल्पना माझ्या मावसभावाची. बाबांनी ती ऐकताच नकार दिला. "आजवर कोणापुढे हात पसरला नाही, तो आता जगजाहीर पसरायचा का?" असे ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात रागापेक्षा लाज जास्त होती हे मला ऐकू येत होते. आई एरवी त्यांना उलटून बोलत नाही. त्या दिवशी मात्र ती शांतपणे म्हणाली, "अहो, हात तुमचा नाही, माझा आहे. सुया मलाच टोचतात." बाबा यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रुग्णालयाच्या कागदांची फाइल स्वतःच माझ्या टेबलावर आणून ठेवली.

खाते उघडणे खरोखरच सोपे होते आणि सेवेचे हे श्रेय मी कबूल करते. ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील, रुग्णालयाचे पत्र आणि एक छायाचित्र एवढ्यावर वीस-पंचवीस मिनिटांत पान तयार झाले. अडचण फॉर्मच्या दुसऱ्याच रकान्यात आली. मदत कशासाठी हवी आहे, या प्रश्नाखाली जी यादी होती तिच्यात उपचार, शिक्षण, नैसर्गिक आपत्ती, अंत्यसंस्कार असे पर्याय होते. नोकरी गेलेल्या माणसासाठी वेगळा पर्याय नव्हता, तो "इतर" मध्ये मोडत होता. आम्ही "उपचार" निवडले, आणि त्या क्षणी आमच्या कहाणीतून बाबा जवळजवळ वगळले गेले. पुढे पानावर आईच्या आजाराची तीन परिच्छेद माहिती होती आणि बाबांची नोकरी गेल्याचे एकच वाक्य होते, वास्तविक त्या महिन्यांत घराला जास्त धक्का बसला होता तो दुसऱ्याच गोष्टीचा.

त्यानंतरचा रकाना उद्दिष्टाचा, म्हणजे एकूण किती रक्कम हवी ते सांगण्याचा. शस्त्रक्रिया असती तर रुग्णालयाने अंदाजपत्रक दिले असते आणि तो आकडा आम्ही जसाच्या तसा टाकला असता. डायलिसिसला असा शेवटचा आकडा नसतो. मूत्रपिंड प्रत्यारोपण होईपर्यंत, आणि ते शक्य नसेल तर आयुष्यभर, ते चालूच राहते. सेवेच्या मदत कक्षातील एका बाईंनी मला फोनवर फार आपुलकीने समजावले की एका वर्षाचा हिशेब करून आकडा टाका, पण फार मोठा दिसला तर लोक बिचकतात, म्हणून सहा महिन्यांचाच टाका. मी सहा महिन्यांचा टाकला. त्यात घरभाडे, कर्जाचा हप्ता, येण्याजाण्याचा खर्च यांतले काहीच नव्हते, कारण रुग्णालयाच्या पत्राने सिद्ध होणारी तेवढीच रक्कम दाखवा असा नियम होता. फसवणूक टाळण्यासाठी हा नियम हवा, हे मला मान्य आहे. पण ज्या घराचा पगार थांबला आहे त्या घराची निम्म्याहून अधिक गरज या नियमामुळे दिसेनाशी होते, हेही तितकेच खरे आहे.

छायाचित्राबाबत मात्र मला तीव्र तक्रार आहे. पान सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सेवेकडून दुसऱ्या एका गृहस्थांचा फोन आला. आम्ही लावलेले छायाचित्र, ज्यात आई मशीनसमोर बसून सुईत दोरा ओवते आहे, ते "परिणामकारक नाही"; तिचे रुग्णालयातील खाटेवरचे, शक्यतो नळ्या दिसणारे छायाचित्र लावावे आणि शीर्षकात "वाचवा" हा शब्द घालावा, असे त्यांनी सुचवले. जमलेल्या रकमेतील काही हिस्सा दिल्यास सेवा स्वतः त्या पानाची जाहिरात करील, असेही ते म्हणाले. मी आईला विचारले. तिने एवढेच विचारले की ते छायाचित्र तिच्या गिऱ्हाइकांनाही दिसेल का. दिसणार होते. आम्ही मशीनवरचेच छायाचित्र कायम ठेवले आणि जाहिरात घेतली नाही.

त्या फोननंतर मला डायलिसिसच्या इतिहासातील एक प्रकरण वारंवार आठवत राहिले. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये पहिले उपयोगी यंत्र बनवले, तरी ते काही दिवसांपुरते वापरता येत असे, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहू शकेल अशी नळी वापरात आणली आणि रुग्णाला वर्षानुवर्षे जगवणे शक्य झाले. मात्र यंत्रे मोजकी आणि रुग्ण पुष्कळ. तेव्हा कोणाला यंत्र द्यायचे हे ठरवण्यासाठी शहरातील सात जणांची एक समिती नेमली गेली. तिच्यात एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकेतील अधिकारी, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार नेता आणि एक शल्यविशारद होते. वैद्यकीय निकष लावून झाल्यावर ही मंडळी रुग्णाचा व्यवसाय, मिळकत, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे, त्याचे समाजातील वर्तन अशा गोष्टी तोलून निवड करत. १९६२ मध्ये 'लाइफ' नियतकालिकाने हे उजेडात आणले तेव्हा मोठी खळबळ उडाली. अखेर १९७२ मध्ये अमेरिकेने कायदा करून जवळजवळ सर्व वयांच्या अशा रुग्णांचा डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यात आणला, आणि यंत्राला कोण लायक हा प्रश्न समितीपुढून उठला.

मदतनिधीचे पान म्हणजे तीच समिती आहे, फक्त तिच्यात सात नव्हे तर पानावर येणारा प्रत्येक माणूस बसलेला असतो. आई कष्टाळू आहे, बाबांना व्यसन नाही, मुले जबाबदार आहेत, हे सगळे मी पानावर लिहिले. ते खरेच आहे. पण लिहिताना मनात येत होते की एखाद्या घरचे वडील व्यसनी असते, एखाद्या आईचे कोणाशी पटत नसते, तर तिच्या रक्तातले युरिया कमी करण्याची गरज काही उणी झाली असती का? आई-वडिलांच्या चांगुलपणाचा पुरावा मागणारी कोणतीही मदत, ती कितीही सदिच्छेने उभी केलेली असो, मुलांकडून असे काही लिहून घेते जे त्यांना एरवी कधीच लिहावे लागले नसते.

आता पैशाच्या व्यवहाराविषयी. सेवा स्वतःचे शुल्क शून्य सांगत होती आणि रक्कम वळती करण्याचा बँकेचा खर्च तेवढा कापत होती. हे स्वच्छपणे लिहिलेले होते. परंतु देणगी देण्याच्या पानावर खाली एक पट्टी होती, तिच्यावर सेवेसाठी "ऐच्छिक टिप" आधीपासूनच लावून ठेवलेली होती, आणि ती शून्यावर आणण्यासाठी "इतर रक्कम" उघडून स्वतः शून्य लिहावे लागत होते. माझ्या मावशीने पैसे पाठवले आणि लगेच फोन करून विचारले, "अगं, मी लिहिले त्यापेक्षा जास्त कसे गेले?" मला स्वतःला तोवर ही पट्टी दिसलीच नव्हती. सेवा चालवायला पैसा लागतो आणि तो मागण्यात गैर काही नाही. पण दुसऱ्याच्या आजारपणासाठी हातात फोन घेतलेल्या वयस्क माणसाकडून तो न विचारता घेणे मला पटले नाही. पुढे लिंक पाठवताना मी प्रत्येक वेळी त्या पट्टीविषयी दोन ओळी लिहू लागले, आणि तुम्हीही तसे करावे असे मी सांगेन.

पहिली रक्कम खात्यात यायला नऊ दिवस उशीर झाला. कारण रुग्णालयाच्या पत्रात आईच्या नावातील एक अक्षर ओळखपत्रापेक्षा वेगळे पडले होते. पडताळणी करणाऱ्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, परंतु कारण कळवायलाच त्यांनी पाच दिवस घेतले. त्या नऊ दिवसांत आईची चार डायलिसिस झाली आणि चारही उसन्या पैशांवर. डायलिसिस पुढे ढकलता येत नाही. अंगात पाणी साठते, दम लागतो, रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. कागदातल्या अक्षराची दुरुस्ती होईपर्यंत शरीर थांबून राहत नाही. पान उघडण्यापूर्वीच सर्व कागदांवरील नाव अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. हा एकच सल्ला द्यायचा झाला तरी हे लिहिल्याचे सार्थक होईल.

प्रत्यक्ष मदत कशी आली? पहिल्या चार दिवसांत धो धो, दुसऱ्या आठवड्यात रिपरिप, आणि महिन्यानंतर जवळपास कोरडे. एकूण उद्दिष्टाच्या निम्म्याहून थोडी कमी रक्कम जमली, आणि ती आमच्या दृष्टीने मोठी होती, तिने दोन कठीण महिने तारून नेले. देणाऱ्यांत बहुतेक आमच्या ओळखीचे किंवा ओळखीच्यांच्या ओळखीचे होते. अनोळखी लोकांचा महापूर येतो ही समजूत मनातून काढून टाकावी. 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०१६ ते २०२० या काळातील चार लाखांहून अधिक वैद्यकीय मदतपाने तपासली गेली. त्यांतील १२ टक्क्यांहूनही कमी पाने उद्दिष्टापर्यंत पोहोचली आणि १६ टक्के पानांना एकही देणगी मिळाली नाही. ज्याचे परिचित सुस्थितीत आहेत त्याला अशा सेवेतून जास्त मिळते, आणि ज्याच्या ओळखीचे सगळेच त्याच्यासारखे काटकसरीत जगणारे आहेत त्याला कमी, एवढा साधा हा हिशेब आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या आणि या क्षेत्रात सर्वांत मोठी गणल्या जाणाऱ्या 'गोफंडमी' सेवेचे प्रमुख टिम कॅडोगन यांनीच फेब्रुवारी २०२१ मध्ये एका वृत्तपत्रात लेख लिहून मांडले होते की लोकांच्या भाडे, अन्न यांसारख्या मूलभूत गरजा भागवण्यासाठी आपले व्यासपीठ कधी उभे केलेले नव्हते आणि ते काम सरकारचे आहे. सेवेच्या मर्यादेविषयी याहून प्रामाणिक कबुली कोणी द्यावी?

ओघ आटू लागल्यावर सेवेकडून दर आठवड्याला सूचना येऊ लागल्या, की नवीन माहिती लिहा, ती लिहिली की देणग्या वाढतात. इथे माझी खरी पंचाईत झाली. आईच्या डाव्या मनगटाजवळ शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केलेला आहे. रोज सकाळी उठल्यावर बाबा तिथे दोन बोटे ठेवून आतली थरथर लागते का पाहतात, कारण ती थांबली तर ताबडतोब रुग्णालयाला कळवावे लागते. बोटांना थरथर लागली की ते मान हलवतात आणि दोघे चहाकडे वळतात. आमच्या घरची चांगली बातमी म्हणजे एवढीच. काल झाले तसे आज नीट झाले, वजन हवे तेवढेच भरले, रक्तदाब पडला नाही. असले काही पानावर लिहिले तर कोण पैसे देईल? सेवेला एकतर प्रकृती ढासळल्याची बातमी हवी असते किंवा बरे वाटल्याची, आणि दीर्घ आजाराचे बहुतेक दिवस या दोहोंच्या मधले असतात. मी तीन वेळा माहिती लिहिली आणि मग थांबले.

त्याच सुमारास बाबांचे जुने सहकारी, जे त्यांच्याबरोबरच कामावरून कमी झाले होते पण दुसरीकडे लागले होते, ते घरी आले. लिंकवर आपण काही दिले नाही याचा त्यांना संकोच वाटत होता. जाताना चपला घालता घालता ते म्हणाले, "वहिनींचा मंगळवार माझ्याकडे. नेणे, आणणे आणि त्या दिवसाची पावती." बाबा नको नको म्हणत राहिले, आणि ते पुढच्या मंगळवारी सकाळी साडेसहाला दारात हजर झाले. पाच महिने त्यांचा मंगळवार एकदाही चुकला नाही. त्यांचे पाहून माझ्या मामांनी महिन्याला एक गुरुवार उचलला, आणि इमारतीतील एका काकूंनी शनिवारी दुपारचा स्वयंपाक. मंगळवार मोकळा झाल्यामुळेच बाबांना मुलाखतींना जाता आले, आणि त्यांना आता एका गोदामात अर्धवेळ नोंदी ठेवण्याचे काम मिळाले आहे. साडेसात महिन्यांत सेवेने आम्हाला जे दिले ते पैशांत याहून नक्कीच जास्त भरते. पण पगार थांबलेल्या घराला दर आठवड्याला नक्की काय येणार हे माहीत असण्याचा जो आधार असतो, तो तिच्या रचनेत कुठेच बसत नव्हता. दरमहा थोडे थोडे देण्याची सोय तिच्यावर होती, पण ती केवळ नोंदणीकृत संस्थांसाठी, घरांसाठी नव्हे. ही एक सोय जरी त्यांनी उघडली तरी माझे मत बरेच बदलेल.

तेव्हा, शस्त्रक्रिया, अपघात, एकदाच भरायचे मोठे बिल, यांसाठी ही सेवा मी निःशंकपणे सुचवेन. पन्नास माणसांना पन्नास फोन करून तीच हकिकत सांगण्याचे कष्ट एका लिंकने वाचतात, पैसे थेट रुग्णालयाकडे वळवता येतात म्हणून देणाऱ्यालाही भरवसा वाटतो, आणि मदत कक्षातील त्या बाईंसारखी माणसे तिथे आहेत. दीर्घ आजार आणि बेकारी एकत्र आली असेल तर मात्र तिच्यावर विसंबू नका. पान उघडण्याआधी रुग्णालयातील समाजसेवा विभागात जाऊन कोणती सरकारी योजना किंवा धर्मादाय सवलत लागू होते ते विचारा, नोकरी सुटताना मिळणारी देणी लेखी मागून घ्या, विमा नेमका कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे ते तपासा, आणि कर्ज देणाऱ्या बँकेला हप्ता थकण्याच्या आधी भेटा, थकल्यावर नव्हे. यांतली निम्मी कामे आम्ही पान सुरू झाल्यानंतर केली. ती आधी केली असती तर उद्दिष्टाचा आकडाही लहान झाला असता. आणि आई-बाबांना विचारल्याशिवाय त्यांच्या नावाने एक ओळही लिहू नका. आमच्या पानावरचा प्रत्येक शब्द आईने वाचला होता, आणि "बिचारी" हा शब्द तिने दोन ठिकाणी स्वतः खोडला होता.

पान बंद केले त्या रविवारी बाबांनी माझ्याकडून देणगीदारांची संपूर्ण यादी मागून घेतली. लांब वहीत, स्टोअरमध्ये मालाची आवक लिहीत असत त्याच पद्धतीने, त्यांनी तारीख, नाव, रक्कम आणि शेरा असे रकाने आखले आणि एकेक नोंद उतरवायला बसले. यादीत अकरा जणांनी नाव दिलेले नव्हते. त्यांची नावे मिळवून दे, निदान आभार तरी मानू, म्हणून त्यांनी मला सेवेला पत्र लिहायला लावले; सेवेने नम्रपणे आणि योग्यच नकार दिला. मग बाबांनी त्या अकरा ओळींत तारीख आणि रक्कम लिहिली, नावाचा रकाना मोकळा सोडला, आणि शेऱ्यात प्रत्येक ठिकाणी 'देणे बाकी' असे लिहिले.